पहिला डीएसएलआर : दुकानात ऐकू येतं ते आणि खरं असतं ते

दिवाळीच्या आसपास किंवा लगीनसराईच्या तोंडावर जळगावच्या गोलाणी मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर पहिल्या कॅमेऱ्याची चौकशी करत फिरणारी पोरं दिसतात. सोबत एखादा जाणता मित्र असतो, मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ बघून झालेले असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितला मेगापिक्सल शे भो?"

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला तरी चालेल. आधी स्वतःला विचारायचं, की फोटो कशाचे काढायचे आहेत? हतनूर धरणावरचे पक्षी, अजिंठ्याची लेणी, घरची कानबाई, लग्नाच्या ऑर्डरी की शेतशिवार? प्रत्येकाला लागणारं सामान वेगळं आहे. त्याचा विचार न करता ऐकीव गोष्टींवर खरेदी झाली, की पैसे नको तिथे जातात. अशाच काही ऐकीव गोष्टी इथे तपासू.

गैरसमज १ : मेगापिक्सल जास्त तर फोटो चांगला.

वस्तुस्थिती : एक मेगापिक्सल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके. ८ बाय १२ इंचांचा प्रिंट इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने काढायचा, तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे ८६ लाख ठिपके लागतात. ९ मेगापिक्सलच्या आत काम होतं. १२ बाय १८ च्या मोठ्या प्रिंटलाही साडेएकोणीस पुरतात. चौकातला फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला तर इंचामागे फार कमी ठिपके चालतात. सुरुवातीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये आज १८ किंवा २४ मेगापिक्सल असतात. १८ वरून २४ वर गेल्याने फोटोची रुंदी वाढते ती जेमतेम १५ टक्के.

खरा फरक सेन्सरच्या आकाराचा. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा असतो. त्याचं क्षेत्रफळ चांगल्या मोबाइलच्या सेन्सरच्या चार-पाच पट आणि साध्या मोबाइलच्या सुमारे दहा पट भरतं. म्हणून १०८ मेगापिक्सलचा मोबाइलसुद्धा सांजवेळी दमतो आणि २४ चा कॅमेरा टिकतो. एकाच एकरात दुप्पट खोडं लावली म्हणून केळीचं उत्पन्न दुप्पट होत नाही, घड लहान राहतात. ठिपक्यांचंही तसंच आहे.

गैरसमज २ : बॉडी भारी घ्यावी, लेन्सचं नंतर बघू.

वस्तुस्थिती : बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉड्या पचवते. शिवाय प्रकाश आत किती येणार हे लेन्स ठरवते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली, की तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं छिद्र मोठं. ५० एमएम एफ/१.८ ही लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. आणि ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्तांपैकी असते.

याचा अर्थ अजिंठ्यात कळतो. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या या लेण्यांत रंगांना इजा होऊ नये म्हणून फ्लॅशला बंदी आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर किट लेन्सने पाव सेकंद शटर उघडं ठेवावं लागत असेल, तर एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. एफ/१.८ वर तेच काम सेकंदाच्या चाळीसाव्या भागात होतं. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला आणि त्यांच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे. त्यांच्या काचेच्या प्लेटांपासून आजच्या सेन्सरपर्यंत सगळं बदललं, पण लेण्यांतली अडचण तीच राहिली आहे, उजेडाची.

फुल फ्रेमचा आग्रहही याच जातीचा. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर अंधारात सरस ठरतो, यात शंका नाही. पण त्याच्या लेन्सही महाग आणि जड असतात. सगळं बजेट बॉडीत संपवून वर हलक्या दर्जाची लेन्स लावण्यापेक्षा लहान सेन्सरची बॉडी आणि चांगली लेन्स ही जोडी नवख्याला जास्त शिकवते.

गैरसमज ३ : कॅमेऱ्यात फ्लॅश आहे, म्हणजे अंधाराची काळजी नाही.

वस्तुस्थिती : वर उघडणारा छोटा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. मंगल कार्यालयाच्या मागच्या रांगेतून स्टेजवर मारला, तर समोरच्या माणसाचं डोकं उजळतं आणि नवरा-नवरी अंधारातच राहतात. कानबाईच्या रात्री देवीसमोरचे दिवे आणि माळांचा उजेड हीच त्या फोटोची जान असते. समोरून फ्लॅश पडला की ती जाते. अशा वेळी फ्लॅश बंद करावा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० वर न्यावा आणि छिद्र मोठं करावं. फोटोत थोडे दाणे येतील, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा. ऑर्डरीच घ्यायच्या असतील, तर वेगळा फ्लॅश घेऊन त्याचा उजेड पांढऱ्या छतावरून परतवायला शिकावं.

गैरसमज ४ : झूम किती 'एक्स' ते बघा.

वस्तुस्थिती : 'एक्स' हा आकडा त्या लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड टोकाचं गुणोत्तर आहे. १८-५५ ची लेन्स ३ एक्स आणि ७०-३०० ची सव्वाचार एक्स. पक्षी किती मोठा दिसणार, ते मिलिमीटरच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं.

उदाहरण रानपिंगळ्याचं घेऊ. १८८४ नंतर खात्रीची नोंद नसलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. हा पिंगळा दिवसाही वावरतो आणि त्याची उंची साधारण २३ सेंटिमीटर असते. तो १५ मीटरवर बसला असेल, तर ५५ एमएमवर फ्रेमच्या उंचीचा अठरावा भाग व्यापेल. ३०० एमएमवर तो जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा दिसेल. सातपुड्यात किंवा हतनूरला पक्ष्यांसाठीच जायचं असेल, तर किट लेन्स असलेली कितीही महाग बॉडी निराश करेल. निदान ३०० पर्यंत जाणारी लेन्स बजेटात धरूनच बॉडी निवडावी. मोठ्या लेन्सचा दुसरा फायदा पक्ष्याला होतो : आपण त्याच्या घरट्याजवळ जात नाही.

गैरसमज ५ : कंपनी एकच असली की कुठलीही लेन्स चालते.

वस्तुस्थिती : बसते, पण दरवेळी चालत नाही. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा सुरुवातीच्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते. ओळखीच्या कुणी जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात दिली, तर तिच्यावर फोकस हातानेच फिरवावा लागेल. अशा बॉडीला एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स लागते आणि काही जुन्या बॉड्यांवर एएफ-पीसुद्धा चालत नाही. कॅननमध्ये ईएफ लेन्स लहान-मोठ्या दोन्ही सेन्सरच्या डीएसएलआरवर बसते. ईएफ-एस फक्त लहान सेन्सरच्या बॉडीवर बसते आणि मिररलेसची, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची, आरएफ लेन्स कुठल्याच डीएसएलआरवर बसत नाही. लेन्स घेण्याआधी आपली बॉडी सोबत नेऊन दुकानातच लावून बघावी.

गैरसमज ६ : महाग कॅमेरा घेतला की फोटो आपोआप नीट येतो.

वस्तुस्थिती : कॅमेरा कितीही महाग असो, त्याचं प्रकाशमापक एकाच अंदाजावर चालतं : समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. जिनिंगच्या अंगणातल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढून बघा. पांढराशुभ्र कापूस मळकट येईल, कारण कॅमेरा त्यालाही राखाडी करू बघतो. नांगरलेली काळी जमीन काढली, तर ती फिकी पडेल. उपाय फुकटचा आहे. बॉडीवर अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटण असतं. कापसाला अधिक एक, काळ्या मातीला उणे एक करून बघा. मात्र सुरुवातीच्या बॉड्यांवर पूर्ण ऑटोमध्ये हे बटण चालत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात चकती ऑटोवरून 'पी'वर आणि तिथून कॅननमध्ये 'एव्ही', निकॉनमध्ये 'ए'वर न्यावी. एवढं जमलं, की साध्या बॉडीतून निघणाऱ्या फोटोंचा दर्जा बदललेला दिसतो.

गैरसमज ७ : डीएसएलआर संपला, आता घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

वस्तुस्थिती : अर्धं खरं आहे. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर आपलं नवं संशोधन मिररलेसकडे वळवलं. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० चं उत्पादनही थांबलं. नव्या लेन्स, चेहरा आणि डोळा पकडणारा फोकस, चांगला व्हिडिओ हे सगळं आता मिररलेसमध्ये येतं. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल किंवा पुढची दहा वर्षं याच धंद्यात काढायची असतील, तर थोडे जास्त पैसे घालून मिररलेसच घ्यावा.

पण शिकण्यासाठी डीएसएलआर आजही पुरेसा आहे. आरशातून दिसणाऱ्या दृश्याला बॅटरी लागत नाही. प्रमाणित चाचणीत डी३५०० एका बॅटरीत १५५० फोटो काढतो, तर सुरुवातीचे अनेक मिररलेस ३०० ते ४५० च्या घरात थांबतात. दिवसभर सातपुड्यातल्या पालच्या जंगलात फिरणाऱ्याला हा फरक जाणवतो. लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स स्वस्तात मिळतात. उद्या मिररलेस घेतला, तरी कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्याच कंपनीच्या नव्या बॉडीवर चालतात. निकॉनचंही तसंच आहे, फक्त एएफ-डीला तिथेही फोकस हातानेच करावा लागतो.

गैरसमज ८ : सेकंडहँड म्हणजे फसवणूक.

वस्तुस्थिती : न तपासता घेतला तर फसवणूक होऊ शकते. तपासण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिली, शटर किती वेळा उडालं. निकॉनच्या जेपीजी फोटोत हा आकडा नोंदलेला असतो आणि तो दाखवणाऱ्या मोफत सोयी आहेत. कॅननमध्ये बहुधा केबल जोडून सॉफ्टवेअरने बघावा लागतो. लग्नाच्या ऑर्डरींत राबलेली बॉडी बाहेरून पुसून चकचकीत करता येते, आकडा पुसणं तेवढं सोपं नाही. दुसरी, लेन्समध्ये मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. ती लेन्स नको. तिसरी, छिद्र अगदी लहान करून, एफ/१६ वर, कोऱ्या आकाशाचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत.

नवा घेतानाही डोळे उघडे हवेत. बॉडीवरचा, खोक्यावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक जुळवावा आणि जीएसटीचं बिल घ्यावं. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल भारतीय वॉरंटीचा असेलच असं नाही.

गैरसमज ९ : कॅमेरा बॅगेत बंद ठेवला की सुरक्षित.

वस्तुस्थिती : या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्याही वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर त्याहून जास्त तापतं. त्या दिवसांत शूटिंग सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावं. उजेडही तेव्हाच चांगला असतो. पावसाळ्यात उलटं संकट येतं. महिनोन्‌महिने कपाटात बंद असलेल्या बॅगेतच बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर काम भागतं, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरला की बुरशीला फावत नाही. वावटळीत, खळ्यावर किंवा जिनिंगमध्ये लेन्स बदलू नये.

गैरसमज १० : चांगल्या फोटोसाठी लांब जावं लागतं, स्टुडिओ लागतो.

वस्तुस्थिती : या समजाला खानदेशातच मोठं उत्तर आहे. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) इंग्लंडहून कलेचं शिक्षण घेऊन चाळीसगावला परतले आणि आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं स्थानकाजवळच्या आपल्या घरात राहिले. क्वचितच बाहेर पडले. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि त्यातून अख्खं निसर्गदृश्य भासेल असा फोटो काढायचा, या टेबल-टॉप प्रकारात त्यांनी देशोदेशी नाव मिळवलं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. पहिला कॅमेरा घेण्यापूर्वी एक चक्कर तिथे मारावी.

त्यांची पद्धत नवख्याला आजही उपयोगी पडते. किट लेन्स पाव मीटरपर्यंत जवळचं टिपते. खिडकीचा तिरका उजेड, पांढऱ्या पुठ्ठ्याचा परतवलेला प्रकाश आणि साधा ट्रायपॉड एवढ्यावर भरताच्या हिरव्या वांग्याचा किंवा पितळी समईचा उत्तम फोटो निघतो. उजेड वाचायला शिकायचं असेल, तर याहून स्वस्त शाळा नाही.

हिशेब साधा आहे. आधी विषय ठरवा, विषयावरून लेन्स ठरवा आणि लेन्सनंतर उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्या. त्यातूनच जादा बॅटरी, दोन कार्डं आणि ट्रायपॉड यांचे पैसे आधी बाजूला काढा. दुकानात दोन-तीन बॉड्या हातात धरून बघा. पकड बसत नसेल आणि बटणं अंगठ्याखाली येत नसतील, तर तो कॅमेरा घरी नेऊनही कपाटातच राहील. या सगळ्यातून दोन मॉडेल सारखीच पसंत पडली, तर मग खुशाल मेगापिक्सल विचारा.