ट्रॅक्टरवरचा बेस आणि बॅटरीचा हिशोब

वाहनात एकाहून जास्त ॲम्प्लिफायर बसवायचे म्हटले की सगळा हिशोब करंटपासून सुरू होतो. बारामती-नीरा रस्त्यावर, पणदऱ्याच्या दोन्ही अंगांना, गळीत हंगामात हा हिशोब जमलेले आणि फसलेले असे दोन्ही नमुने पाहायला मिळतात. एका बाजूला माळेगाव, दुसऱ्या बाजूला सोमेश्वर, इंदापूरकडे भवानीनगरचा छत्रपती. या कारखान्यांकडे उसाच्या जोडट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या हुडाखाली स्पीकर, सीटमागे वूफरची पेटी आणि पेटीलगत दोन-तीन ॲम्प्लिफायर, या मांडणीचे आता कुणाला नवल वाटत नाही. कारमध्ये हेच सामान डिकीत जाते. तत्त्व दोन्हीकडे एकच. ट्रॅक्टरवर धूळ, हादरे आणि लहान अल्टरनेटर यांची भर पडते.

खोक्यावर छापलेले ‘५००० वॅट’ बाजूला ठेवावेत. तो क्षणिक कमाल आकडा असतो, आणि बऱ्याचदा तोही फुगवलेला. कामाचा आकडा आरएमएसचा. समजा, वूफरसाठी १००० वॅट आरएमएसचा क्लास-डी मोनो ॲम्प्लिफायर आहे आणि स्पीकरसाठी ३०० वॅटचा क्लास-एबी चार चॅनेलचा. क्लास-डीची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के धरली तर १००० वॅट बाहेर काढायला १२५० वॅट आत घ्यावे लागतात, १३.५ व्होल्टवर हे झाले सुमारे ९३ ॲम्पिअर. क्लास-एबी ६० टक्क्यांच्या आसपासच थांबतो, म्हणून त्याला ३७. बेरीज १३०. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर मात्र सहसा ३५ ते ४५ ॲम्पिअरचा असतो. गाणे सतत पूर्ण जोरावर नसते, त्यामुळे सरासरी खेच बरीच कमी राहते. तरी प्रत्येक ठोक्याची तूट बॅटरीच भरून काढते. केन यार्डात नंबर येईपर्यंत इंजिन बंद आणि टेप चालू असेल तर तूट शंभर टक्के. सरासरी ४० ॲम्पिअर खेचले तर ७५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी कागदावरसुद्धा दोन तास पुरत नाही, आणि सेल्फ त्याच्या बऱ्याच आधी कुरकुरू लागतो. वायर घेण्याआधी हा हिशोब झालेला बरा.

आता वायर. बॅटरीपासून पाच मीटरवर ॲम्प्लिफायर असेल आणि १३० ॲम्पिअर वाहत असतील, तर शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरमध्ये सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच पडतात आणि पावणेदोनशे वॅट उष्णता होऊन जातात. वायर हाताला चटके देते. ४ गेजमध्ये हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते, तर शून्य गेजमध्ये ०.२ च्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिची वाहकता तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांशच असते. ती घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्यावी. दिसायला दोन्ही सारख्या. टोक सोलून ब्लेडने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो.

मेन वायरला बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतराच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज असतो वायरच्या रक्षणासाठी. वायर चेसीला घासून तिचे आवरण कापले गेले तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतू शकते, आणि उसाच्या गाडीवर वाळलेल्या पाचटाला ठिणगी पुरते. पुढे डिस्ट्रिब्युशन ब्लॉकमधून फाटे फुटतात. जिथे वायर बारीक होते तिथे नवा फ्यूज, हा नियम: वरच्या उदाहरणात मेनला १५०, मोनोच्या फाट्याला १००, चार चॅनेलच्या फाट्याला ४० ॲम्पिअर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तार पिळून बसवणे हा सरळसरळ आगीला दिलेला होकार आहे.

अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि बिघाड सर्वांत जास्त तिथेच होतात. जितका करंट येतो तितकाच परत जातो, म्हणून अर्थची वायर मेनइतकीच जाड हवी आणि अर्ध्या मीटरच्या आत चेसीला भिडावी. बोल्टखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा, थिंबल दाबून बसवावे, खाली दातेरी वॉशर घालावा. रंगावर कसलेल्या जोडात शंभरांश ओहम जरी अडथळा राहिला, तरी १३० ॲम्पिअरला अंगठ्याएवढ्या जागेत १६९ वॅट उष्णता होते. २५ वॅटची सहा-सात सोल्डरिंग आयर्न एकाच बोल्टला टेकवल्यासारखेच हे. सगळे ॲम्प्लिफायर आणि टेप एकाच ठिकाणी अर्थ करावेत. अर्थ वेगवेगळे असतील तर त्यांच्यातला व्होल्टचा फरक सिग्नलमध्ये शिरतो आणि रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी चढत जाते.

सिग्नलच्या आरसीए वायरी मेन वायरच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. टेपला एकच जोडी असेल तर पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आऊटमधून दुसऱ्याला सिग्नल देता येतो. टेपच्या रिमोट वायरला मात्र फारसा करंट पेलत नाही. तीन-चार ॲम्प्लिफायर चालू करायचे असतील तर मध्ये रिले घालावा.

वूफरच्या जोडणीत ओहमचे गणित येते. दोन कॉइलचा, प्रत्येकी ४ ओहमचा वूफर घेतला आणि असे दोन वूफर असले, तर चारही कॉइल समांतर जोडल्यास १ ओहम. प्रत्येक वूफरच्या कॉइल एकामागे एक जोडून मग दोन वूफर समांतर केले तर ४ ओहम. दोन ओहमच्या कॉइल असतील तर याच दुसऱ्या पद्धतीने २ ओहम मिळतात. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट होतो. मोनो ॲम्प्लिफायर १ ओहमला टिकणारा असेल तरच पहिली जोडणी करावी. नाहीतर तो तापून प्रोटेक्टला जातो किंवा जळतो. चार चॅनेलचे दोन चॅनेल ब्रिज केले की ४ ओहमचा वूफर त्यातल्या प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा वाटतो, हेही लक्षात ठेवावे. दोन ॲम्प्लिफायरचे आऊटपुट एकमेकांना कधीच जोडू नयेत. कंपनीने तशी मास्टर-स्लेव्हची सोय दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. एका वूफरच्या दोन तारा उलट लागल्या तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि बेस गायब होतो. गंमत म्हणजे अशा वेळी एक वूफर काढला की आवाज वाढतो.

दुसरा ॲम्प्लिफायर लावला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केले की वाढ फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. शिवाय बंद कारच्या केबिनमध्ये खालच्या सुरांना जी आपसूक बळकटी मिळते ती उघड्या ट्रॅक्टरवर मिळत नाही. म्हणून तिथे वूफर वाढवत राहण्यापेक्षा मिड-बेस स्पीकरवर खर्च करणे शहाणपणाचे. तोही बेताने: मागच्या गाडीचा हॉर्न दोन ट्रॉल्यांच्या पलीकडून चालकाला ऐकू यायला हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ऊसवाहतूक रात्रीही चालते.

जोडणी झाल्यावर गेन लावायचा. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. टेपच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालणारी ती कळ आहे. वूफर सोडवून, टेपचा आवाज पाऊणपट ठेवून ५० हर्ट्झचा सलग सूर लावावा आणि मल्टीमीटर एसीवर ठेवून आऊटपुट मोजावे. २ ओहमवर ५०० वॅट हवे असतील तर ३१.६ व्होल्टला थांबावे. वूफरचा लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास, आणि पेटीला पोर्ट असेल तर सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० वर.

हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात. चार-सहा दिवसांनी, गाणे जोरात वाजवून झाल्यावर लगेच, थिंबल आणि फ्यूजहोल्डर चाचपावेत. जो जोड गरम लागेल तो उघडून घासून पुन्हा कसावा. हंगाम संपून ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर मेन फ्यूज काढावा आणि टेपची मेमरी वायरही सोडवावी, कारण बंद टेपसुद्धा बॅटरीतून थोडा करंट घेतच राहतो.