उजेड, हवा आणि पुसले गेलेले पट्टे

१९९९ साली व्हिएन्ना विद्यापीठात मार्कुस आर्न्ट, अँटोन झायलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनचे रेणू भट्टीत तापवून एका अतिसूक्ष्म जाळीकडे सोडले. एकेका रेणूत साठ अणू, पोकळ गोळ्याच्या आकारात जोडलेले. वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर. जाळीतली प्रत्येक फट ५० नॅनोमीटर रुंद. पलीकडे कुठे किती रेणू पोहोचतात हे मोजलं, तेव्हा दाट, विरळ, पुन्हा दाट असे पट्टे मिळाले. असे पट्टे लाटा एकमेकींत मिसळल्या की उमटतात. इथे तर रेणू एकमेकांपासून इतके दूर होते की प्रत्येकाचा प्रवास एकट्याचाच होता. मग मिसळलं काय? प्रत्येक रेणूच्या बाबतीत, एकाहून अधिक फटींतून जाण्याच्या त्याच्या स्वतःच्या शक्यता.

हे ऐकून आपण चक्रावतो आणि बहुतेकदा एक सोपं उत्तर पुढे येतं : लहान वस्तूंचे नियम वेगळे, मोठ्यांचे वेगळे. मला हे उत्तर पटत नाही. साठ अणूंचा रेणू काही इलेक्ट्रॉनसारखा चिमुकला नव्हे. त्या प्रयोगात त्याची तरंगलांबी त्याच्या स्वतःच्या आकाराच्या सुमारे चारशेपट लहान होती, तरी पट्टे आलेच. २०१९ मध्ये आर्न्ट यांच्याच गटानं जवळपास दोन हजार अणूंच्या रेणूंचे पट्टे दाखवले. मोठेपणाची सीमारेषा म्हणून जी सांगतात, ती प्रयोगांत अजून कुठे लागलेली नाही.

खरी गंमत त्या भट्टीत आहे. तापलेली वस्तू प्रकाश टाकते, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. सुमारे ९०० केल्विनला तापलेला रेणूही वाटेत दोन-तीन अवरक्त फोटॉन टाकत होता. म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा तो बाहेर कळवतच होता! तरी पट्टे टिकले. कारण त्या फोटॉनची तरंगलांबी काही हजार नॅनोमीटर आणि दोन फटींमधलं अंतर फक्त १००. एवढ्या लांब लाटेवरून रेणू या फटीतून आला की शेजारच्या, हे ओळखता येणं शक्यच नव्हतं.

मग २००४ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं उलट बाजूनं तपासलं. सत्तर अणूंचे रेणू लेझरनं आणखी तापवले. जास्त तापलेला रेणू जास्त फोटॉन टाकतो आणि तेही आखूड तरंगलांबीचे. तापमान चढत गेलं तसे पट्टे फिकट होत गेले आणि ३००० केल्विनच्या आसपास नाहीसे झाले. ते फोटॉन कुणी पकडले नव्हते, कुणी पाहिलेही नव्हते. रेणूच्या मार्गाची खूण परिसरात उरली, एवढंच पुरलं. प्रयोगाच्या निर्वात पोकळीत थोडा वायू सोडला तरी तेच होतं. वायूचे रेणू आपटतात आणि खूण घेऊन जातात.

‘निरीक्षकाच्या जाणिवेमुळे वास्तव घडतं, असं क्वांटम विज्ञान सांगतं’, हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानांतून फार आत्मविश्वासानं ऐकवलं जातं. या प्रयोगाला कुणाच्याही जाणिवेची गरज पडली नाही, हे तिथे सांगायला हवं.

परिसरात खूण उरल्यानं पट्टे पुसले जाण्याच्या क्रियेला डीकोहेरन्स म्हणतात. हायडेलबर्गचे हान्स डीटर झे यांनी १९७० मध्ये तिची मांडणी सुरू केली. १९८५ मध्ये एरिक योस यांच्यासोबत त्यांनी धुळीच्या कणाचं गणित केलं. खोलीतल्या हवेत त्या कणाच्या दोन शक्यतांचा मेळ क्षणाच्याही अत्यल्प अंशात मोडतो. आणि तोच कण ताऱ्यांपासून दूर, हवा नसलेल्या अवकाशात नेला तरी? महास्फोटानंतर उरलेलं मंद किरणोत्सर्जनही त्याची जागा कळायला पुरतं.

आपण जन्मतो, रांगतो, चालायला शिकतो ते भरपूर हवेत, उजेडात आणि उबेत. चेंडू, भांडं, दार, माणूस या सगळ्यांची जागा त्यांच्यावरून परतलेला प्रकाश सतत सांगत असतो. वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असते, ही आपली खात्री या परिसरानंच घडवली आहे. निर्वात नळीतला एकाकी रेणू आपल्या पूर्वजांच्या वाट्याला कधी आलाच नाही, त्यामुळे त्याची सवय होणार कशी?

एवढ्यानं सगळं मिटतं असंही नाही. पट्टे का पुसले जातात ते डीकोहेरन्सनं कळतं. पण अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच शेवटी का अनुभवाला येते, हे त्यातून मिळत नाही. झे यांच्या मते बाकीच्या शक्यताही नष्ट होत नाहीत, त्या फक्त आपल्यापासून तुटतात. रॉजर पेनरोज यांना वाटतं की वस्तुमान पुरेसं वाढलं की गुरुत्वाकर्षणामुळे नियमच बदलत असावा. तसं असेल, तर परिसराशी असलेले सगळे संबंध तोडले, वस्तू थंड ठेवली, निर्वात पोकळी निर्दोष केली, तरी एका वजनानंतर पट्टे मिळणार नाहीत. म्हणून प्रयोगशाळा अधिकाधिक जड रेणू जाळीकडे पाठवत आहेत. २०१९ मधले रेणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा २५ हजारपट जड होते. त्यांनीही पट्टे दिले.