मनसा, वाचा, कर्मणा : सैन्याधिकाऱ्याची निवड

मेजापलीकडे अर्धा तास बसलेल्या माणसाशी बोलून तो संकटात कसा वागेल हे ताडता येते, ही समजूत फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिला मोठा धक्का बसला. ब्रिटिश सैन्यात केवळ मुलाखतीवर निवडलेले पुष्कळ उमेदवार प्रशिक्षणात नापास होऊ लागले, तेव्हा १९४२ मध्ये तेथे नव्या पद्धतीची निवड मंडळे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी देहरादून येथे असे एक प्रायोगिक मंडळ सुरू झाले. भारतीय सैन्यदलांची आजची निवड मंडळे ही त्याचीच वंशज होत.

पहिल्या दिवसाच्या छाननीतून उरलेल्या उमेदवाराची परीक्षा साधारणपणे पाच दिवस चालते. या काळात तो नावाने नव्हे, तर छातीवरील क्रमांकाने ओळखला जातो. त्याला तिघे पारखतात. मानसशास्त्रज्ञ त्याचे लिखाण वाचतो : साठ शब्द एकामागून एक दाखविले जातात आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहावयाचे असते. दुसरा अधिकारी मुलाखत घेतो, तर तिसरा मैदानावर गटातील वर्तन पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा असे या विभागणीचे वर्णन केले जाते आणि ते समर्पक आहे. शेवटच्या दिवशीच्या बैठकीपर्यंत या तिघांनी आपापसांत मतांची देवघेव करावयाची नसते. एकाचा ग्रह दुसऱ्याला चिकटू नये, हा त्यामागील हेतू.

यांपैकी गटयोजनेची चाचणी विशेष बोलकी असते. समजा, जबलपूरजवळील तिलवारा घाटाची प्रतिकृती पुढे मांडली आहे. वरच्या अंगाला बरगी धरणातून पाणी सोडले आहे, नावेत माणसे अडकली आहेत, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला आहे, आणि हाताशी एकच जीप आहे. प्रत्येकाने प्रथम स्वतःचा उपाय लिहावयाचा. मग सर्वांनी मिळून एक योजना ठरवावयाची. गटाला नेता नेमून दिलेला नसतो. आवाज चढविणारा येथे नेता ठरतोच असे नाही. दुसऱ्याची योजना सरस आहे हे उमगल्यावर उमेदवार आपली सोडतो की तिला कवटाळून बसतो, हे परीक्षकाला पाहावयाचे असते.

तरीही ही पारख निर्दोष नाही. एका मंडळाने नाकारलेला उमेदवार दुसऱ्या मंडळाकडून निवडला गेल्याची उदाहरणे आहेत. शिवाय चारचौघांत, त्यातही इंग्रजीत, बोलण्याची सवय ही गुणापेक्षा परिस्थितीची देणगी असते. खेड्यातील हुशार मुलगा गटचर्चेत गप्प बसला, म्हणजे त्याच्याजवळ विचार नाही असे होत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतरची निवडक मुले तेथे दोन वर्षे राहून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करतात, आणि बोलण्याचा सरावही त्या तयारीचाच भाग असतो.