समुद्रतळाच्या चिखलाचें वय

राज्यांच्या इतिहासाला शिलालेख असतात, ताम्रपट असतात, बखरी असतात. परंतु पांच लाख वर्षांपूर्वीं पृथ्वीवर थंडी किती होती, हें लिहून ठेवण्यास कोण होतें? तरीहि ती नोंद झालेली आहे, आणि ती खोल समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या चिखलांत आहे. ही नोंद वाचतां येते हें नवल खरेंच. पण तिच्यावर तारीख कशी घालावयाची हा प्रश्न त्याहून कठीण, आणि मी आज मुख्यतः त्याविषयींच बोलणार आहें.

समुद्राच्या वरच्या पाण्यांत फोरामिनिफेरा नांवाचे एकपेशी जीव तरंगत असतात. खसखशीच्या दाण्याएवढीं, किंवा त्याहूनहि लहान, अशीं त्यांचीं चुन्याचीं कवचें जीव मेल्यावर तळाशीं जाऊन बसतात. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यांत, अनेक ठिकाणीं हजार वर्षांत हा गाळ एकदोन सेंटिमीटरच चढतो. पूर्वीं वजन लावलेली साधी नळी तळांत रोवीत, आणि मीटर दोन मीटर चिखल हातीं लागे. स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनीं नळींत दट्ट्या बसविला; पिचकारींत पाणी चढतें तसा चिखल न दबतां नळींत चढूं लागला. इ. स. १९४७-४८ मध्यें ‘अल्बाट्रॉस’ जहाजावरील स्वीडिश मोहिमेनें या नळीनें लांबच लांब स्तंभ वर काढले. अशा स्तंभांत खालचा थर जुना व वरचा नवा, हें उघड आहे. परंतु क्रम कळणें निराळें आणि वर्ष कळणें निराळें.

आधीं नोंद कोणती तें सांगतों. प्राणवायूचे अणु हलके आणि जड असे दोन्ही प्रकारचे असतात. पाण्याची वाफ होतांना हलक्या अणूंचें पाणी अधिक सहज उडून जातें. हिमयुगांत ही वाफ हिमरूपानें खंडांवर पडून तेथेंच अडकून राहिली. त्यामुळें समुद्रांत जड अणूंचें प्रमाण वाढलें व तें त्या काळच्या कवचांत उतरलें. इ. स. १९५५ मध्यें एमिलियानी यांनीं अशा मोजमापांवरून हिमयुगांची मालिका मांडली. मात्र हा फरक त्यांनीं बहुतांशीं पाण्याच्या उष्णतामानाचा मानला. पुढें १९६७ मध्यें इंग्लंडांतील निकोलस शॅकलटन यांनीं तळावर राहणाऱ्या जीवांचीं कवचें तपासलीं. तळाचें पाणी मुळांतच गोठणबिंदूजवळ. तें आणखी किती थंड होणार? तरीहि फरक जवळजवळ तितकाच आढळला. तेव्हां ही नोंद मुख्यतः बर्फाच्या सांठ्याची ठरली.

आतां वर्षांकडे वळूं. पहिलें घड्याळ किरणोत्सर्गी कर्बाचें. तो दर ५७३० वर्षांनीं निम्मा होतो. दहा वेळां निम्मा झाला म्हणजे मूळच्या हजार भागांतला जेमतेम एक उरतो. म्हणून सुमारें ५०,००० वर्षांपलीकडे हें घड्याळ मुकें आहे. शिवाय समुद्राचें पाणी हवेच्या मानानें शिळें असतें. अणुबाँबच्या चांचण्यांपूर्वीं जिवंत गोळा केलेल्या शिंपल्यांचें वयहि या रीतीनें सरासरी ४०० वर्षें भरतें. अरबी समुद्रांत, जेथें खोलचें पाणी वर येतें, तेथें त्याहूनहि अधिक. हें शिळेपण वजा करावें लागतें. त्यांत तळावरचे किडे वरखालचा चिखल कालवीत असतात, तें निराळेंच.

याहून जुन्या थरांसाठीं दुसरी खूण आहे. पृथ्वीचें चुंबकत्व अधूनमधून उलटें झालें आहे; फ्रान्सचे ब्रून यांनीं १९०६ मध्यें व जपानचे मातुयामा यांनीं १९२९ मध्यें ज्वालामुखीच्या खडकांत ही गोष्ट दाखविली. चिखलांतले लोहकणहि बसतांना त्या त्या काळची दिशा धरतात. ‘व्हेमा’ या अमेरिकन नौकेनें प्रशांत महासागरांत सुमारें ३१२० मीटर खोलीवरून एक स्तंभ काढला होता. शॅकलटन व ऑपडाइक यांनीं १९७३ मध्यें दाखविलें कीं त्यांत शेवटची उलटापालट १२ मीटर खालीं आहे. तिचें वय त्या वेळीं खडकांवरून ७,००,००० वर्षें मानीत. मग शाळेंतला मुलगाहि भागाकार करील: हजार वर्षांस सुमारें १.७ सेंटिमीटर. गाळ सारख्या गतीनें साचला असें गृहीत धरलें म्हणजे मधल्या प्रत्येक थराला वर्ष मिळतें.

तिसरें घड्याळ आकाशांतलें. पृथ्वीची कक्षा, आंसाचा कल आणि आंसाचें डोलणें यांमुळें ऊन सुमारें १,००,०००, ४१,००० आणि २३,००० वर्षांच्या आवर्तनांनीं बदलतें. मिलँकोविच या सर्बियन गणितज्ञानें हिमयुगांचें कारण येथें शोधलें. इ. स. १९७६ मध्यें हेज, इंब्री व शॅकलटन यांना दक्षिण हिंदी महासागरांतील दोन स्तंभांत हींच आवर्तनें सांपडलीं. पुढें तर चिखलाचें वय आकाशाच्या गणिताशीं जुळवूनच ठरविण्याचा प्रघात पडला. येथें चाणाक्ष श्रोता हटकील कीं, जुळवून ठरविलेलें जुळतें यांत विशेष तें काय? पुस्तकाच्या शेवटचें उत्तर पाहून उदाहरण सोडविण्यासारखेंच हें झालें. माझ्या मतें आक्षेप अगदीं रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शब्दांनीं देण्यासारखें नव्हतें.

तें १९९० च्या सुमारास मिळालें. तोंवर चुंबकीय उलटापालटीचें खडकांवरून मान्य झालेलें वय ७,३०,००० वर्षें होतें. शॅकलटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आकाशाच्या घड्याळावरून तें ७,८०,००० ठरविलें. पन्नास हजार वर्षांची तफावत! चिखलवाल्यांनीं खडकवाल्यांना चूक म्हणावें, हें धाडसच होतें. पण नंतर लाव्हा अधिक सूक्ष्म अर्गॉन पद्धतीनें पुन्हा मोजला गेला, आणि वय ७,८०,००० च्या जवळपास निघालें. खडकांचेंच वय कमी मोजलें गेलें होतें. अर्थात् वरचा भागाकारहि बदलला. हजार वर्षांस १.७ ऐवजीं १.५ सेंटिमीटर.

हा खटाटोप आपल्या पावसाशींहि निगडित आहे. नैर्ऋत्येचे मोसमी वारे जोराचे असले म्हणजे ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलचें थंड पाणी वर येतें व ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात फार माजते. तिच्या कवचांच्या प्रमाणावरून वाऱ्यांचा जोर ताडतां येतो. परंतु थराचें वय पांचशें वर्षांनीं चुकलें, तर मोसमी वारे ओसरले ते सिंधूकांठच्या नगरांच्या ऱ्हासाआधीं कीं नंतर, हेंच सांगतां येत नाहीं. अशा वेळीं ज्वालामुखीची राख आढळली तर सोन्याहून पिवळें. सुमात्रांतील तोबाच्या सुमारें ७४,००० वर्षांपूर्वींच्या स्फोटाची राख हिंदी महासागराच्या गाळांत सांपडते. पुणें जिल्ह्यांत कुकडीकांठीं बोरी येथेंहि तोबाची राख आहे. मात्र ती याच स्फोटाची कीं त्याहून फार जुन्या, यावर विद्वानांचा वाद आहे.

इ. स. २०१५ मध्यें ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजानें आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अरबी समुद्रांतील लक्ष्मी खोऱ्यांत, तळाखालीं सुमारें ११०० मीटर भोंक पाडलें. तेथें शेंकडों मीटर जाडीचा एक थर भलताच निघाला: सुमारें एक कोटी वर्षांपूर्वीं समुद्रांतला उतार कोसळून आलेला ढिगारा. नव्या गाळावर जुना गाळ येऊन पडलेला. अशा ठिकाणीं खालचें जुनें व वरचें नवें हा पहिला नियमच लागू पडत नाहीं, आणि सूक्ष्म कवचांच्या जाती एक एक ओळखून वयाचा हिशेब मुळापासून मांडावा लागतो.