वृद्धशुश्रूषा : परिचर्येच्या क्षेत्रातील दुर्लक्षित वाट

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेले कराड शिक्षण, सहकार आणि राजकारण यांसाठी राज्याला परिचित आहेच. गेल्या काही दशकांत त्यात वैद्यकीय शिक्षणाचीही भर पडली. मलकापूर येथील कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज कृष्णा विश्व विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत परिचर्या महाविद्यालयही आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले आणि परिचारिका घडविण्याचे कामही त्या गावात रुजले. त्यामुळे पाटण, खटाव, वाळवा, शिराळा या तालुक्यांतील मुलामुलींना परिचारिका होण्यासाठी मुंबई-पुणे गाठावेच लागते, अशी स्थिती नाही.

शिक्षण संपल्यावर या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर साधारणपणे तीनच वाटा असतात : शासकीय भरतीची परीक्षा, मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग किंवा परदेश. वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा ही चौथी वाट त्यांच्या गणतीत क्वचितच असते. ते काम 'मावशीं'चे, त्यासाठी पदवी कशाला, असा समज घरोघरी आहे, आणि परिचारिकांमध्येही तो नाही असे म्हणता येणार नाही. या समजाची किंमत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना मोजावी लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल. सातारा-सांगली पट्ट्यात या आकड्यांना स्थलांतराची जोड आहे. पाटण खोऱ्यातील माणसे पिढ्यान् पिढ्या माथाडी कामासाठी मुंबईस जात आली. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरले. अलीकडे पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी मुले ओढून घेतली. मागे राहिली ती घरे, थोडीबहुत शेती आणि आई-वडील. पैसा दरमहा येतो, फोन रोज येतो. पक्षाघाताने अंग लुळे पडलेल्या वडिलांना कुशीवर वळविणारे हात मात्र फोनवरून येत नाहीत.

काम नेमके काय?

रुग्णालयातील परिचर्या आणि वृद्धांची दीर्घकालीन परिचर्या यांत मूलभूत फरक आहे. रुग्णालयात रुग्ण बरा होऊन घरी जाईल, ही अपेक्षा असते. येथे ती बहुधा नसते. विस्मृतिभ्रंश, कंपवात, पक्षाघातानंतरचे अपंगत्व, मांडीचे हाड मोडल्यानंतरचे परावलंबन ही दुखणी वर्षानुवर्षे चालतात. त्यामुळे काल स्वतःच्या हाताने घास घेणारी व्यक्ती आजही घेते का, हे परिचारिकेच्या यशाचे मोजमाप ठरते. अशा यशाला टाळ्या मिळत नाहीत.

दाबव्रणांचे, म्हणजेच बेडसोरचे उदाहरण घ्यावे. माकडहाड, खुबा, टाचा या भागांवर सतत दाब पडल्याने तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि कातडी मरू लागते. आरंभी दिसतो तो केवळ एक लालसर डाग. बोटाने दाबल्यावर तो क्षणभर फिका झाला नाही, तर जखमेची पहिली पायरी गाठली गेली असे समजावे. प्रशिक्षित परिचारिका तेथेच सावध होते; साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याचे वेळापत्रक लावते, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवते, चादरीवरून रुग्णाला फरफटत ओढू देत नाही आणि आहारातील प्रथिनांकडे लक्ष पुरविते. अप्रशिक्षित मदतनीस चांगल्या भावनेने त्याच डागावर तेल चोळते आणि आतील पेशींची हानी वाढविते. पुढे हाडापर्यंत गेलेली जखम भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात.

दुसरे उदाहरण अचानक उद्भवणाऱ्या भ्रमाचे. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारे आजोबा रात्रीपासून असंबद्ध बोलू लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत. 'वय झाले' म्हणून कुटुंब गप्प बसते. प्रत्यक्षात विस्मृतिभ्रंश असा एका रात्रीत येत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर घटणे, नव्याने सुरू झालेले एखादे औषध, कित्येकदा तर केवळ तुंबलेली लघवी किंवा बद्धकोष्ठता हे त्याचे कारण असते. ते शोधल्यास माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. हा फरक ओळखणे आणि डॉक्टरांना वेळेवर कळविणे हे परिचारिकेचे काम आहे. त्यासाठी ज्ञान लागते. नुसती माया पुरत नाही.

गिळण्यास त्रास होणाऱ्या वृद्धास आडवे ठेवून पाणी पाजले, तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून जेवताना आणि जेवणानंतर किमान अर्धा तास त्याला बसते ठेवावे लागते. काही गोळ्या शरीरात सावकाश विरघळाव्यात अशा रीतीने बनविलेल्या असतात. त्या कुटून नळीवाटे दिल्यास दिवसभराचा औषधाचा अंश एकदम अंगात जातो. चार निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दहा-बारा गोळ्यांत एकच औषध दोन नावांनी आले आहे, हेदेखील अनेकदा घरी येणाऱ्या परिचारिकेच्याच ध्यानात येते. औषध बदलण्याचा अधिकार अर्थात तिला नाही. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय इंजेक्शन देण्याचा आग्रह कुटुंबाने धरला, तर नकार देण्याचे धैर्यही याच कामाचा भाग आहे.

या कामात परिचारिकेला एकाच वेळी तिघांशी वागावे लागते : ज्याची शुश्रूषा करायची तो वृद्ध, पैसे पाठविणारा परगावचा मुलगा आणि चोवीस तास घरात राबणारी सून. तिघांच्या अपेक्षा भिन्न असतात. रात्री उठून भटकणाऱ्या आजींचे हात खाटेला बांधून ठेवावेत, असे थकलेल्या घराला वाटू शकते. तसे न करता दिवसा हालचाल वाढविणे, रात्री मंद दिवा ठेवणे, दाराला घंटी लावणे असे उपाय परिचारिकेला सुचवावे लागतात. रोजचा रक्तदाब, साखर, लघवी-शौच, खाल्लेले अन्न आणि दिलेली औषधे यांची वही ठेवणे हे तर तिचे कवच होय. उद्या काही बिनसलेच, तर बोलते ती वही.

शिक्षणाचा मार्ग

यासाठी वेगळी पदवी शोधण्याची गरज नाही. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम हाच पाया. बीएस्सीचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या प्रवेश परीक्षेतून होतो. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला आवश्यक मान्यता आहे का, हे तपासणे अत्यावश्यक. मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्यांना नोंदणी मिळत नाही आणि तीन-चार वर्षे व शुल्क दोन्ही वाया जातात. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरणही. एक-दोन वर्षे रुग्णालयाच्या सर्वसाधारण औषधोपचार कक्षात काढलेली बरी. तेथे जे पाहिले जाते त्याचा घरी एकट्याने निर्णय घेताना उपयोग होतो.

नोंदणीकृत परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने वृद्धपरिचर्येचा एक वर्षाचा पदविकोत्तर अभ्यासक्रमही आखलेला आहे. तो चालविणाऱ्या संस्था कमी आहेत, ही अडचण खरी. मदतनीस म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांसाठी कौशल्य विकास यंत्रणेतून गृहशुश्रूषा साहाय्यकाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. मात्र असे प्रमाणपत्र आणि परिचर्येची नोंदणी यांत फार अंतर आहे. काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्यास 'सिस्टर' म्हणून घरी पाठविणाऱ्या ब्युरोंमुळे हे अंतर पुसट होते आणि नोंदणीकृत परिचारिकेचे मोलही घटते.

वेतन आणि सुरक्षितता

येथे मात्र चित्र फारसे आशादायक नाही. केंद्रीय संस्थांतील परिचर्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. खासगी क्षेत्रासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी राज्य शासनाइतके वेतन द्यावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तेथेही २० हजार रुपयांपेक्षा कमी देऊ नये, असे त्यात म्हटले होते. पण हे सारे मोजमाप खाटांचे. घरी जाऊन काम करणारी परिचारिका त्यात कोठेच बसत नाही. तिचे वेतन ब्युरो आणि कुटुंब यांच्यात ठरते, आणि कुटुंब मोजते त्या रकमेतील किती हिस्सा तिच्या हाती पडतो, हे बहुतेकदा कुटुंबालाही ठाऊक नसते.

सरकारी योजनांचा आधारही अपुरा आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. मात्र ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरी येणाऱ्या परिचारिकेचा महिन्याचा खर्च कुटुंबाच्याच खिशातून जातो. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र सामाजिक विमा आणला; त्यामुळे तेथे या कामास निश्चित निधी व दर्जा मिळाला. आपल्याकडे तशी व्यवस्था होत नाही, तोवर हे क्षेत्र सधन घरे, पुण्यातील 'अथश्री'सारखे ज्येष्ठांचे निवासी प्रकल्प आणि काही सेवाभावी संस्था यांच्याच बळावर वाढणार.

परदेशातील संधी

परदेशाचे आकर्षण स्वाभाविक आहे. जर्मनीने २०२० पासून वृद्धपरिचर्या, रुग्णपरिचर्या आणि बालपरिचर्या यांचे प्रशिक्षण एकत्र केले. भारतीय परिचारिकेला तेथे मान्यता मिळविण्यासाठी पदवीची पडताळणी आणि सामान्यतः बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करारही केला. जपानशी जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या करारात वृद्धशुश्रूषेचा समावेश आहे. मात्र तेथे जाणारी व्यक्ती परिचारिका म्हणून नव्हे, तर शुश्रूषा कर्मचारी म्हणून जाते, हे आधीच जाणून घ्यावे. ब्रिटनने जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने येणाऱ्या शुश्रूषा कर्मचाऱ्यांसाठीचा व्हिसा मार्ग बंद केला. परिचारिकांचा मार्ग वेगळा आहे. तरीही जुन्या आश्वासनांवर पैसे उकळणारे एजंट भेटू शकतात. एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. आपल्या रुग्णालयांत रुग्णाला आंघोळ घालणे, भरविणे, कपडे बदलणे ही कामे नातेवाईक किंवा मावशी करतात. परिचारिका इंजेक्शने, सलाइन आणि नोंदी सांभाळते. जर्मनीतील वृद्धनिवासात ही सर्व कामे पदवीधर परिचारिकेलाही स्वतः करावी लागतात आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. ज्यांनी गावाकडे एखाद्या वृद्धाची वर्षभर मनापासून शुश्रूषा केली असेल, त्यांना तेथे रुळणे तुलनेने सोपे जावे.

कराड-साताऱ्यातच राहून हे काम स्वीकारणाऱ्यांनी होकार देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. पाळी आठ तासांची की बारा, साप्ताहिक सुटी कोणती, रात्री परतण्याची सोय काय, घरात दुसरी व्यक्ती असेल का, स्वयंपाक-धुणी ही कामे आपल्याकडे नाहीत हे मान्य आहे का, आणि मध्यरात्री प्रकृती बिघडल्यास कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या घराकडे नाही, तेथे पहिल्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून घ्यावा.