वाळू, मणी आणि बाळाचा श्वास

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झालाय, हे ओळखायला काय लागतं? एक्स-रे? स्टेथोस्कोप? निदान एखादा डॉक्टर तरी? यातलं काहीही नसलं तरी चालतं! फुप्फुसाला सूज आली की प्राणवायू कमी पडतो आणि बाळ भराभर श्वास घेऊ लागतं. खोकणाऱ्या बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० भरले किंवा त्याहून मोठ्या बाळाचे ५०, की औषध सुरू करायचं.

म्हणजे जीव वाचवणारं निदान नुसत्या मोजणीवर येऊन ठेपलं. पण मोजायचं कुणी?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. इथल्या खेड्यांपासून दवाखाना लांब; सुईण मात्र गावातलीच, हाकेच्या अंतरावर. रात्री-अपरात्री धावून जाणारी, घराघरातल्या विश्वासाची. अडचण एकच. यातल्या अनेकींना बारापुढे मोजता येत नव्हतं.

इथे कुणीही म्हणालं असतं, 'मग शिकलेली माणसं आणा.' या संशोधकांनी मात्र प्रश्नच फिरवला. साठ हा आकडा ठाऊक नसताना साठ मोजता येतील का?

येतात! एक लाकडी चौकट घ्या. तिच्यात एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ बसवा आणि शेजारी तारेवर मणी ओवा. घड्याळ उलटं करायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. दहापर्यंत तर सुईणीला येतंच! शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत तो सरकला, तर न्यूमोनिया. तान्ह्यांसाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्यांसाठी पाच मण्यांची. आकडेमोड सगळी चौकटीत दडलेली, निर्णय मात्र सुईणीचा. मला यातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं: उणीव बाईत नाही, साधनात आहे, असं मानून हे साधन घडलं.

सुईणींच्या आणि गावातल्या आरोग्यसेवकांच्या हाती मग को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक औषधही दिलं गेलं. असं औषध अशा हातांत? हो, आणि १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू शेजारच्या गावांत १७.५, तर या गावांत ८.१.

पुढची झेप नवजात बाळांसाठी होती. ३९ गावांतल्या बायकांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये घरोघरच्या नवजात बालसेवेचा कार्यक्रम 'आशा' आरोग्यसेविकांमार्फत देशभर सुरू झाला. तुमच्या ओळखीत कुणाकडे बाळ जन्मलं आणि आशाताई आल्या, तर त्यांची पिशवी जरूर पाहा: वजनकाटा, थर्मामीटर आणि श्वास मोजायला घड्याळ.