जुन्नर : विहार आणि गड

तळेघरहून सकाळी निघाल्यास जुन्नरची प्रमुख स्थळे पाहून सायंकाळी परतता येते. आमच्या अभ्याससहलीसाठी आम्ही लेण्याद्री आणि शिवनेरी ही दोन ठिकाणे निवडली, कारण धर्मवास्तू व राजवास्तू कशा घडतात हे तेथे एकाच दिवसात समजते.

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात स्तूप असलेले चैत्यगृह आहे. शेजारचे सातवे लेणे, जेथे आज गिरिजात्मजाचे मंदिर आहे, ते मुळात भिक्खूंचा विहार होय. मध्ये एकही स्तंभ नसलेले विस्तीर्ण दालन आणि तीन बाजूंस २० लहान खोल्या अशी त्याची रचना आहे. निवासी विद्यालयातील मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही.

शिवनेरीवर १६३० साली शिवराय जन्मले. तेथील दरवाजांची रांग आणि अंबरखाना यांतून संरक्षण व साठवण हे राजसत्तेचे हेतू दिसतात. परंतु त्याच डोंगराच्या कड्यांत बौद्ध लेणीही आहेत. तेथील लेखांनुसार इरिल या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिली आणि चिट या यवनाने भोजनमंडप दिला. जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिल्याची नोंद आहे.

राजांची नावे इतिहासात राहतातच. या दात्यांची ओळख मात्र केवळ या शिलालेखांतच उरली आहे. म्हणून लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू न देणे आणि धम्मलिपी शिकणे, ही दोन्ही कर्तव्ये आम्ही आपली मानतो.